दहा सायकली घ्यायच्या आधी: नाशिकच्या द्राक्षखोऱ्यातल्या ग्रॅव्हल राइडचा हिशोब



मागच्या व्हिडिओत आपण सीझनल धंदा म्हणजे काय, ते पाहिलं. त्यात मी ग्रॅव्हल सायकल राइडचं उदाहरण दोन मिनिटांत उरकलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, आकडे सांगा." म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण अर्धा लेख आकड्यांचाच आहे.

सुरुवात एका फोनपासून करतो. गिरणारे बाजूचा एक मुलगा. घरची दोन एकर द्राक्षबाग, वडील बाग बघतात, हा नाशिकमध्ये नोकरी करतो आणि रविवारी सायकल चालवतो. त्याचा प्रश्न सरळ होता. "सर, सात लाख तयार आहेत. दहा ग्रॅव्हल सायकली घेतो आणि आमच्या भागात मुंबई-पुण्याच्या लोकांना फिरवतो. घेऊ ना?"

मी विचारलं, "सात लाख कुठून आले?"

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "यंदाच्या मालाचे आहेत. सोसायटीचं कर्ज भरायचंय आणि पुढच्या छाटणीचा खर्चही त्यातूनच."

म्हणजे हे मोकळे पैसे नव्हतेच. बागेचे होते. त्या पैशांवर वडिलांचं पुढचं वर्ष उभं होतं. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा हिशोब नुसता कागदावरचा वाटणार नाही.

आधी समजून घ्या: ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय?

रेसिंग सायकल डांबरावर पळते, पण खडी आली की घाबरते. माउंटन बाइक कुठेही जाते, पण जड असते आणि लांब अंतराला दमवते. या दोघींच्या मधली म्हणजे ग्रॅव्हल सायकल. हँडल रेसिंगसारखं खाली वळलेलं, डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर आणि साधारण ४० मिलिमीटर रुंदीचे टायर. टायरात हवा कमी ठेवतात, त्यामुळे मुरमाच्या रस्त्यावर हातांना दणके कमी बसतात.

हा प्रकार मोठा व्हायला फार वर्षं झालेली नाहीत. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावात २००६ साली सुरू झालेली शर्यत आज जगभर माहीत आहे. जागतिक सायकलिंग संघटनेने ग्रॅव्हलची पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत घेतली. आपल्याकडे अजून बाजार छोटा आहे. छोटा बाजार म्हणजे स्पर्धा कमी, पण गिऱ्हाईकही कमी. नवे उद्योजक पहिला अर्धा भाग ऐकतात आणि दुसरा विसरतात.

आपल्या खोऱ्यात माल काय आहे?

गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पूर्वेकडे नाशिकला येते. वाटेत गंगापूर धरण. धरणाच्या आजूबाजूला गंगापूर, सावरगाव, गिरणारे या पट्ट्यात द्राक्षबागा, टोमॅटो, भाजीपाला. सावरगाव रस्त्याला सुला वाइनरी आहे. तिथे १९९७ मध्ये पहिल्या वेली लावल्या आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि वाइन हा नाशिकच्या ओळखीचा भाग झाला.

पश्चिमेला सरकलात की बागा विरळ होतात आणि डोंगर जवळ येतात. एका बाजूला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, दुसऱ्या बाजूला वाघेरा-हरसूलकडच्या सागाच्या टेकड्या. म्हणजे एका सकाळच्या राइडमध्ये धरणाचं पाणी, बागेचे मांडव आणि जंगलाचा चढ, तिन्ही मिळतात. यांना जोडणारे रस्ते कोणते? पाणंद, शिवरस्ते, मुरमाचे रस्ते. ज्या रस्त्यांना आपण "खराब रस्ता" म्हणतो, तेच.

नाशिकला सायकलींची सवयही आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. सायकल हा मोठ्या माणसांचाही छंद असू शकतो, हे या शहराला समजावून सांगावं लागत नाही. ही तुमची फुकटची जाहिरात आहे.

गिऱ्हाईक नेमके कशाचे पैसे देतं?

इथे बहुतेक जण चुकतात. आपल्याला वाटतं, गिऱ्हाईक सायकलीचे पैसे देतं. मग मनात पहिला खर्च सायकलींचाच येतो.

बाहेर काय झालं ते बघा. इटलीत टस्कनीच्या द्राक्षमळ्यांमधून पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते जातात. ते डांबराखाली जाऊ नयेत, या विचाराने १९९७ मध्ये गायोले इन कियांती या छोट्या गावातून ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची राइड सुरू झाली. लोक आपापल्या जुन्या सायकली घेऊन येतात. गावाकडे विकायला असतो तो रस्ता, जेवण आणि मुक्काम.

जर्मनीतलं मोझेल नदीचं खोरं आपल्या विषयाच्या आणखी जवळचं आहे. ट्रिअर ते कोब्लेंत्स नदी वळणं घेत जाते, काठाला उभ्या उतारावर रीस्लिंग द्राक्षांचे मळे आणि वर आयफेल व हुन्सऱ्युक हे जंगलाचे डोंगर. सायकलवाले नदीकाठाने येतात, मळ्यांच्या वाटांनी वर चढतात आणि संध्याकाळी गावात उतरतात. तिथल्या छोट्या द्राक्ष शेतकऱ्यासाठी एक जुनी सोय आहे. तो वर्षातले चार महिने, जास्तीत जास्त चाळीस खुर्च्या मांडून, स्वतःच्या मळ्यातली वाइन आणि साधं खाणं विकू शकतो. त्यासाठी त्याला हॉटेलचा परवाना लागत नाही. दारावर झाडाची फांदी टांगली की समजायचं, दुकान उघडं आहे.

तिथल्या सायकल संघटनेचं मुक्कामाच्या जागांसाठी एक प्रमाणपत्रही आहे. अटी ऐका: एका रात्रीसाठीसुद्धा खोली द्यायची, सायकली कुलपात ठेवायची सोय हवी, ओले कपडे वाळवायला जागा, पोटभर नाश्ता आणि दुरुस्तीची साधी अवजारं. या यादीत "तुमच्याकडे दहा सायकली हव्यात" अशी अट कुठेच नाही!

ज्याला ग्रॅव्हल राइडचं वेड आहे, त्याच्याकडे बहुतेक वेळा स्वतःची सायकल असते. त्याच्याकडे नसतं ते तुमच्या भागाचं ज्ञान. कुठली पाणंद पुढे बंद होते, कुठल्या वस्तीवर कुत्री सोडलेली असतात, पाणी कुठे मिळेल, जेवण कुठे, पंक्चर झालं तर कोण येणार. तो बिनघोर दिवसाचे पैसे देतो.

आपली कायदेशीर परिस्थिती जर्मनीहून वेगळी आहे. तुम्ही स्वतः वाइन विकायची नाही, त्याला परवाना लागतो. पण दिवस विकता येतो.

हिशोब पहिला: एका सायकलीचा

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारातले भाव विचारून बदला. पद्धत तीच ठेवा.

समजा एक ग्रॅव्हल सायकल ७०,००० रुपयांना आली. चार वर्षांनी ती २०,००० ला विकली जाईल.

घसारा: ५०,००० भागिले ४ म्हणजे वर्षाला १२,५०० रुपये.
टायर, चेन, ब्रेक पॅड, सर्व्हिसिंग: वर्षाला ६,००० रुपये.
व्याज: १२ टक्क्यांनी ८,४०० रुपये.

"सर, पैसे घरचे आहेत, व्याज कशाला?" पैसे घरचे असले तरी व्याज धरायचं. तेच पैसे कर्ज फेडायला गेले असते तर तेवढं व्याज वाचलं असतं.

बेरीज: एका सायकलीचा वर्षाचा खर्च २६,९०० रुपये. सायकल शेडमध्ये उभी असली तरी यातला बराचसा खर्च होतोच.

आता वर्षात राइडचे दिवस किती? जूनपासून पावसाळा, काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरत नाही. एप्रिल-मे मध्ये ऊन. खरा सीझन ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत. त्यातले शनिवार-रविवार मोजलेत तर साधारण चाळीस दिवस.

चाळीसही दिवस सायकल भाड्याने गेली, तर एका दिवसाचा खर्च पडतो ६७२ रुपये. निम्मेच दिवस गेली, तर १,३४५ रुपये. आणि सायकलीचं दिवसाचं भाडं समजा ८०० रुपये धरलं, तर? पहिल्या स्थितीत सव्वाशे रुपये सुटतात. दुसऱ्या स्थितीत प्रत्येक वेळी साडेपाचशे रुपये तुम्ही गिऱ्हाइकाला खिशातून देताय.

हिशोब दुसरा: एका राइडचा

आता सायकल बाजूला ठेवा. गिऱ्हाईक स्वतःची सायकल आणणार, असं धरा. फी माणशी २,००० रुपये.

माणसं किती आली, यावर अवलंबून नसलेला खर्च:
पुढचा गाइड १,५०० रुपये.
सगळ्यात मागे राहणारा माणूस १,००० रुपये.
पिकअप गाडी, ड्रायव्हर आणि डिझेल ३,००० रुपये.
एकूण ५,५०० रुपये.

माणशी खर्च:
नाश्ता आणि जेवण ३५० रुपये.
पाणी, फळं, ओआरएस ५० रुपये.
विमा आणि प्रथमोपचार १०० रुपये.
एकूण ५०० रुपये.

म्हणजे प्रत्येक माणसामागे २,००० वजा ५००, असे १,५०० रुपये हातात राहतात. त्यातून ५,५०० भरून काढायचे.

तीन माणसं आली तर १,००० रुपये तोटा.
चार आली तर ५०० रुपये नफा.
सहा आली तर ३,५०० रुपये.
आठ आली तर ६,५०० रुपये.

वहीत मोठ्या अक्षरात लिहा: चारच्या खाली राइड न्यायची नाही. बुकिंग घेतानाच सांगायचं, की चार जण झाले नाहीत तर राइड पुढे ढकलू किंवा पूर्ण पैसे परत करू. हे सांगायला लाज वाटते, मग आपण तीन जणांना घेऊन निघतो आणि हजार रुपये घालवून घरी येतो.

आता वर्षाचं चित्र. चाळीस दिवसांपैकी चोवीस दिवस राइड झाली, सरासरी सहा माणसं. ३,५०० गुणिले २४ म्हणजे ८४,००० रुपये. त्यातून फोन, जाहिरात, नोंदणी, अवजारं असे वर्षाचे ३०,००० वजा करा. हातात ५४,००० रुपये.

वर्षाला चोपन्न हजार. नोकरी सोडण्याइतके हे पैसे नाहीत. पण दोन एकर बागेच्या घराला जोडधंदा म्हणून चोपन्न हजार हे लहान पैसे नाहीत.

याच चित्रात दहा सायकली टाका. दहा सायकलींचा वर्षाचा खर्च २,६९,०००. आलेल्या प्रत्येकाने तुमचीच सायकल घेतली असं धरलं, तरी २४ गुणिले ६ गुणिले ८०० म्हणजे भाडं १,१५,२०० रुपये. सायकलींवर तोटा १,५३,८०० रुपये. राइडचे ५४,००० त्यात गेले, तरी वर्षाअखेर जवळपास एक लाखाचा खड्डा. सगळ्या राइड छान झाल्या, गिऱ्हाइकं खूश, फोटो सुंदर, आणि बागेच्या पैशांतून एक लाख गायब. बाहेरून बघणाऱ्याला हा धंदा चालतोय असंच वाटेल.

तीन रविवार

मी त्या मुलाला हा हिशोब फोनवर सांगितला. एक कबुली देतो: तेव्हा मीसुद्धा त्याला म्हणालो होतो, "दहा नको, चार घे." तो म्हणाला, "आधी तीन रविवार एकही न घेता करून बघतो." त्याचं बरोबर होतं, माझा सल्ला अर्धवट होता.

पहिल्या रविवारी सहा जण आले, पाच जणांनी आपापल्या सायकली आणल्या. सहाव्यासाठी त्याने मित्राची मागून घेतली. राइड संपल्यावर त्याने प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले: सगळ्यात काय आवडलं, आणि काय नसतं तर बरं झालं असतं? आवडलेल्या गोष्टींत सायकलीचा रस्ता दुसरा आला. पहिलं आलं ते आईचं पिठलं-भाकरी आणि वडिलांनी मांडवाखाली उभं राहून सांगितलेली छाटणीची गोष्ट. एप्रिलमध्ये खरड छाटणी का, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी का, एका काडीवर किती घड ठेवायचे. वडिलांना स्वतःला वाटत होतं, यात सांगण्यासारखं काय आहे?

आणि नसतं तर बरं झालं असतं असं काय? दोन बायका होत्या, दोघींनी एकच सांगितलं. सकाळी सहापासून बारापर्यंत स्वच्छ टॉयलेट नव्हतं, कपडे बदलायला जागा नव्हती. त्यांनी पाणी पिणंच टाळलं होतं. ही गोष्ट त्या मुलाच्या यादीत कुठेही नव्हती. माझ्याही नव्हती.

दुसऱ्या रविवारी बाभळीने धडा शिकवला. एका पाणंदीवर कुंपणाची तोडलेली बाभूळ पडली होती, एकापाठोपाठ चार पंक्चर. याच्याकडे जादा ट्यूब होत्या, पण अरुंद टायरच्या. तास गेला. तेव्हापासून राइडच्या आदल्या संध्याकाळी तो पूर्ण रस्ता मोटारसायकलने बघून येतो. बॅगेत रुंद टायरच्या चार ट्यूब, पॅच आणि दोन पंप ठेवतो.

तिसऱ्या रविवारी अवकाळी पाऊस. राइड रद्द. चार जणांनी पैसे परत मागितले, आणि याने जेवणाचं सामान आदल्या दिवशीच भरलेलं. त्यातून नियम तयार झाला: पावसाने रद्द झालं तर गिऱ्हाइकाने नवी तारीख घ्यावी किंवा पूर्ण पैसे परत घ्यावेत. आणि भाजीपाला राइडच्या सकाळी घरच्या शेतातूनच घ्यायचा.

तीन रविवारांनंतर त्याने एक लाखाच्या आत दोन कामं केली. बागेच्या कडेला स्वच्छ टॉयलेट आणि कपडे बदलायची खोली बांधली. ज्यांच्याकडे सायकल नसते त्यांच्यासाठी दोन जुन्या सायकली घेतल्या. उरलेले पैसे सोसायटीत आणि छाटणीत गेले. ऑक्टोबरमध्ये छाटणी वेळेवर झाली, असं त्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

परवानग्या आणि शेजारी

सोपं वाटतं म्हणून हा भाग टाळू नका.

रस्ता कोणाचा, हे आधी बघा. शिवरस्ता सगळ्यांचा असतो, पण बागेतली वाट मालकाची असते. कालव्याकाठचा रस्ता जलसंपदा विभागाचा, जंगलातली वाट वनविभागाची. जिथे विचारायला हवं तिथे विचारा, शक्य असेल तिथे लेखी घ्या. "आपलंच गाव आहे, कोण काय म्हणणार" हे वाक्य पहिल्या अपघातापर्यंत चालतं.

शेजारच्या बागायतदाराची भीती समजून घ्या. निर्यातीच्या बागेत कुठल्या दिवशी कुठलं औषध मारलं याची नोंद ठेवावी लागते. अनोळखी दहा माणसं बागेत शिरली, कोणी घड तोडला, तर त्याला राग येणारच. फवारणीच्या दिवशी त्या बाजूला जायचंच नाही. जानेवारी ते मार्च काढणीचे दिवस. ट्रॅक्टर आणि क्रेटच्या गाड्या आल्या की सायकलवाल्यांनी उतरून बाजूला व्हायचं, कारण त्यांचा वर्षाचा माल त्या गाडीत आहे. आणि शेजाऱ्याचे बेदाणे, गूळ, भाजी तुमच्या जेवणाच्या टेबलाशेजारी विकायला ठेवा. तो मग तुमचा रस्ता सांभाळेल.

वाइनरीला जायचं असेल तर राइड संपल्यावर, सायकली गाडीत चढवून. पिऊन कोणी सायकलवर बसणार नाही, हा नियम बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा. वाइनसाठी आपल्या राज्यात वयाची अट २१ आहे. टेस्टिंगचे पैसे गिऱ्हाइकाने थेट वाइनरीला द्यायचे, तुम्ही मध्ये पडायचं नाही.

हेल्मेटशिवाय राइड नाही. सूर्योदयानंतर निघायचं आणि अंधाराच्या बरंच आधी परतायचं, कारण या भागात बिबट्याचा वावर आहे. प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर, रक्तगट, दमा किंवा हृदयाचा त्रास आहे का, हे आधीच लिहून घ्या. सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला, ते गाइड आणि ड्रायव्हर दोघांना पाठ हवं.

कागदपत्रं: उद्यम नोंदणी फुकट होते, ती करा. जेवण देणार असाल तर एफएसएसएआय नोंदणी. शेतावर पाहुणे घेणार असाल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण वाचा. साहसी पर्यटनासाठी २०२१ चं वेगळं धोरण आहे, तुमची राइड त्यात कशी बसते हे पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन विचारा. सेवा व्यवसायाला जीएसटीची मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे, तरी पहिल्या दिवसापासून प्रत्येक रुपयाची पावती ठेवा.

आणि एक गोष्ट मनाची. आज मुरमाचा असलेला रस्ता उद्या डांबरी होईल. गावाला, शाळेतल्या मुलांना, दवाखान्यात जाणाऱ्यांना तो हवाच आहे. त्याला विरोध करायचा नाही. म्हणून एकाच रस्त्यावर धंदा उभा करू नका, कायम दोन पर्यायी रस्ते तयार ठेवा.

चोपन्न हजारांचे जास्त कसे होतील?

सायकली वाढवून नाही. तेच गिऱ्हाईक, तोच दिवस, पण एक गोष्ट जास्त विकून.

आदल्या रात्रीचा मुक्काम द्या. मुंबई-पुण्याचा माणूस पहाटे निघून येतो तेव्हा थकलेला असतो. दोन खोल्या, सायकल ठेवायला कुलूप, गरम पाणी.
सोबत आलेल्या घरच्या लोकांसाठी बागेची फेरी ठेवा. नवरा सायकलवर असताना बायको-मुलं गाडीत कंटाळून बसतात, किंवा बायको सायकलवर आणि नवरा गाडीत!
आठवड्याच्या मधल्या दिवशी नाशिकमधल्या कंपन्यांचे आणि डॉक्टरांचे गट घ्या. शनिवार-रविवारचे चाळीस दिवस वाढत नाहीत, मधले दिवस मात्र रिकामेच असतात.

यातलं प्रत्येक काम आधी तीन वेळा करून बघा, मग पैसे घाला.

गृहपाठ

१. तुमच्या धंद्याचे वर्षातले खरे विक्रीचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजा. अंदाजाने नको.
२. तुमची सगळ्यात महाग वस्तू कोणती? तिचा वर्षाचा खर्च काढा आणि वापराच्या दिवसांनी भागा. आधी पूर्ण दिवसांनी, मग निम्म्या.
३. तोटा न होण्यासाठी किमान किती गिऱ्हाइकं लागतात, तो आकडा काढा आणि भिंतीवर लावा.
४. ती महाग वस्तू न घेता तीन वेळा धंदा करून बघा. उसनी घ्या, भाड्याने घ्या, गिऱ्हाइकाला आणायला सांगा. प्रत्येक वेळी तेच दोन प्रश्न विचारा.
५. पैसे कोणाचे आहेत, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बागेचे, आईच्या दागिन्यांचे, पीएफचे, जे असतील ते. ते पैसे तिथून काढल्यावर तिथलं कोणतं काम थांबेल, तेही लिहा.

पाचवा प्रश्न लोक सोडून देतात. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. त्या मुलाला मी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

पुढच्या भागात आपण बुकिंगचे पैसे आगाऊ कसे आणि किती घ्यायचे, ते पाहू. तोपर्यंत वही भरा.